वाल्दोक्को येथील छपरी

मुंबईंत राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ‘डॉन बॉस्को’ हें नांव माटुंग्याच्या शाळेमुळें ठाऊक असेल. आपल्या मुलास त्या शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून खटपट करणारे सुशिक्षित गृहस्थ कांहीं थोडे नाहींत. परंतु ज्या धर्मगुरूंच्या नांवानें ही शाळा चालते त्यांनीं आपल्या कार्यास आरंभ केला तेव्हां त्यांच्यापाशीं शाळा नव्हती, इमारत नव्हती आणि पैसाही नव्हता. आणि जे मुलगे त्यांच्याभोंवतीं जमत त्यांना त्या वेळच्या कोणत्याही प्रतिष्ठित शाळेनें दारांत उभें केलें नसतें. इटलीच्या एकीकरणाचा इतिहास आपल्याकडे एके काळीं मोठ्या आवडीनें वाचला गेला; मॅझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर हीं नांवें महाराष्ट्रांतील तरुणांच्या ओठीं होतीं. ज्या वर्षांत तें राष्ट्र घडत होतें त्याच वर्षांत, पीडमाँटच्या राजधानींत, हा एक धर्मगुरू रस्त्यावरच्या पोरक्या मुलांना गोळा करून वेगळ्याच प्रकारची बांधणी करीत होता. तिची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. कुमारवयांतील मुलाच्या धर्माची काळजी वाहावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें, या प्रश्नाचें त्यांनीं दिलेलें उत्तर ख्रिस्ती नसलेल्या कुटुंबांसही विचार करावयास लावणारें आहे.

ज्योव्हान्नी बोस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं, कास्तेल्नुओव्हो द’आस्ती या गांवाजवळच्या बेक्की नांवाच्या वाडीवर, एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. मूल दोन वर्षांचें होण्यापूर्वींच बाप वारला, आणि मार्गेरिता या निरक्षर पण करारी मातेनें संसाराचा गाडा ओढला. शिक्षणाची हौस असलेल्या या मुलाला सावत्र भावाच्या विरोधामुळें घर सोडून परक्याच्या शेतावर गडी म्हणून राहावें लागलें. जत्रेंतील डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो दोरीवरून चालावयास आणि हातचलाखी करावयास शिकला होता. खेळ दाखवावयाचा आणि त्याचें मोल म्हणून जमलेल्यांकडून प्रार्थना म्हणवून घ्यावयाची, असा त्याचा शिरस्ता असे. पुढें किएरी या गांवीं शिकत असतां पोटासाठीं त्यानें निरनिराळीं कामें केलीं व त्या ओघांत शिवणकाम, सुतारकाम अशा धंद्यांची ओळख करून घेतली. ५ जून १८४१ रोजीं त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि इटलींतील रिवाजाप्रमाणें लोक त्याला ‘डॉन बॉस्को’ म्हणूं लागले. ‘डॉन’ हें तेथें धर्मगुरूच्या नांवाआधीं लावण्याचें आदराचें पद आहे. पोरकेपण, परक्याघरची चाकरी आणि हातांचें कसब, या तिन्हींची ओळख या धर्मगुरूंना पुस्तकांतून झालेली नव्हती, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्यांचें पुढील वर्तन सहज उलगडतें.

त्याच वर्षीं ते अधिक अध्ययनासाठीं तुरिन शहरांत आले. तें शहर त्या काळीं झपाट्यानें वाढत होतें. नवीं घरें उठत होतीं, रस्त्यांवर फरशा बसत होत्या, आणि या कामांसाठीं बिएल्ला, व्हाल्सेझिया, सव्हॉय, लोंबार्डी अशा दूरदूरच्या प्रांतांतून मुलगे येत होते. कोणी गवंड्याच्या हाताखालीं विटा वाही, कोणी धुराडीं साफ करी, कोणाला कामच मिळत नसे. डॉन काफास्सो या आपल्या गुरूंबरोबर डॉन बॉस्को तुरुंगांत जाऊं लागले, तेव्हां बारा ते अठरा वर्षांचे धडधाकट, बुद्धिमान मुलगे तेथें उवांनीं भरलेले व निरुद्योगी पडलेले त्यांनीं पाहिले. त्याहूनही त्यांच्या मनाला लागली ती गोष्ट ही, कीं सुधारण्याचा निश्चय करून सुटलेले मुलगे थोड्याच दिवसांत पुन्हां तेथेंच परत येत. बाहेर त्यांचें कोणीच नसे. बाहेर एखादा आपला माणूस भेटता तर हे परत आले नसते, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि हाच त्यांच्या सर्व कार्याचा उगम होय.

येथें कॅथलिक व्यवस्थेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. प्रत्येक चर्चच्या भोंवतालची वस्ती हा एक धर्मग्राम मानला जातो, आणि तेथील माणसांची बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंतची धार्मिक काळजी तेथल्या प्रमुख धर्मगुरूंकडे असते. आपल्या वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजांत ही व्यवस्था आजही नांदत आहे. पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणीं राहणाऱ्या लोकांस ही रचना फार सोयीची; परंतु जो मुलगा आज एका माळ्यावर झोपतो आणि पुढच्या महिन्यांत दुसऱ्याच पेठेंत कामाला जातो, त्याचा धर्मग्राम कोणता? त्याचें नांव कोणत्या वहींत शोधावयाचें? शिवाय सोळा वर्षांच्या ज्या मुलाला अक्षरओळख नाहीं, त्यानें सात वर्षांच्या चिमुरड्यांच्या रांगेंत बसून धर्मशिक्षण घ्यावें, अशी अपेक्षा करणें म्हणजे त्याला दाराबाहेर ठेवण्यासारखेंच होतें. व्यवस्था वाईट नव्हती. ती ज्यांच्यासाठीं आखली होती ते हे मुलगे नव्हते, इतकेंच.

८ डिसेंबर १८४१ या दिवशीं सेंट फ्रान्सिस ऑफ असीसी यांच्या चर्चमध्यें डॉन बॉस्को मिस्सेसाठीं वस्त्रें घालीत होते. एक मुलगा आंत येऊन घुटमळत उभा राहिला. चर्चच्या सेवकानें त्याला मिस्सेंत साहाय्य करण्यास सांगितलें. येत नाहीं म्हणतांच त्यानें त्याला बडवून हाकलून दिलें. डॉन बॉस्को यांनीं त्या सेवकाला खडसावलें, हा माझा मित्र आहे असें सांगितलें व मुलाला परत बोलावून घेतलें. त्या मुलाचें नांव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा, धंदा गवंडीकाम, आईबाप दोघेही वारलेले, लिहितां वाचतां येत नव्हतें. चरित्रकार सांगतात कीं, गातां येतें का या प्रश्नालाही नकार मिळाल्यावर डॉन बॉस्को यांनीं विचारलें, “शीळ तरी घालतां येते का?” तेव्हां तो मुलगा हंसला. ही हकीकत डॉन बॉस्को यांनीं स्वतः सुमारें तीस वर्षांनंतर आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे, आणि इतक्या काळानें लिहिलेल्या आठवणीला थोडा घडीव आकार येतो हें इतिहासाच्या अभ्यासकानें विसरूं नये. तथापि तिचें मर्म खरें आहे. मुलाला काय येत नाहीं याची यादी त्या सेवकापाशीं होती. त्याला काय येत असेल याचा शोध या धर्मगुरूंनीं घेतला.

पुढच्या रविवारीं गारेल्ली आपल्याबरोबर आणखी मुलगे घेऊन आला, आणि पाहतां पाहतां ही मंडळी शेंकडोंवर गेली. अशा मेळाव्याला तेथें ‘ओरातोरिओ’ म्हणत. ही कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. डॉन कोक्की नांवाच्या दुसऱ्या एका धर्मगुरूंनीं तुरिनमध्यें १८४० सालींच असा एक मेळावा सुरू केला होता. परंतु इतक्या गलबल्याच्या मंडळीला जागा कोण देणार? एका दवाखान्याची इमारत, एक कबरस्तान, एक गिरणी, भाड्याच्या खोल्या, शेवटीं एक उघडें कुरण, अशी त्यांची भटकंती चालली. शहराचा पोलीस अधिकार ज्यांच्या हातीं होता ते मार्क्विस काव्हूर (प्रसिद्ध मुत्सद्दी काव्हूर यांचे वडील) यांना या जमावांत दंग्याचें बीज दिसलें. डॉन बॉस्को आपल्या भावी घरांविषयीं, शाळांविषयीं व कारखान्यांविषयीं इतक्या खात्रीनें बोलत कीं, त्यांच्या मित्रांनाच त्यांच्या बुद्धीविषयीं शंका आली. दोन धर्मगुरू त्यांना वेड्यांच्या रुग्णालयांत नेण्यासाठीं गाडी घेऊन आले. डॉन बॉस्को यांनीं मोठ्या अदबीनें त्या दोघांनाच आधीं गाडींत बसविलें व दार लावून गाडीवाल्याला हांकावयास सांगितलें, अशी कथा आहे.

यापेक्षां गंभीर आक्षेप शहरांतील धर्मगुरूंचा होता. मुलगे इकडे जाऊं लागले तर त्यांची आपल्या धर्मग्रामाशीं ओळखच राहणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आणि तें केवळ मत्सराचें म्हणतां येणार नाहीं. डॉन बॉस्को यांचें उत्तर साधें होतें. हे मुलगे बहुतेक परगांवचे आहेत, कित्येकांची बोलीही इकडची नाहीं, आणि आपला धर्मग्राम कोणता हें त्यांना ठाऊकच नाहीं. आर्चबिशप फ्रान्सोनी यांनीं दोन्ही बाजू ऐकून निवाडा दिला तो असा कीं, ज्या मुलांना धर्मग्राम नाहीं त्यांचा धर्मग्राम हा ओरातोरिओच समजावा. प्रथम ख्रिस्तप्रसाद, ईस्टरचें कर्तव्य इत्यादि जे विधी एरव्हीं आपापल्या धर्मग्रामांतच व्हावयाचे, ते येथें करण्याची त्यांनीं मोकळीक दिली. आमच्या मतें या सर्व इतिहासांत या निवाड्याइतकी महत्त्वाची दुसरी घटना नाहीं. कारण त्यानें धर्मग्रामाची व्याख्या जमिनीच्या सीमेवरून काढून माणसाच्या गरजेवर आणून ठेविली.

१२ एप्रिल १८४६ या ईस्टरच्या दिवशीं वाल्दोक्को नांवाच्या शहराबाहेरील भागांत, पिनार्दी नांवाच्या गृहस्थाची एक छपरी त्यांना भाड्यानें मिळाली. ती इतकी ठेंगणी होती कीं, आंत उभें राहतां यावें म्हणून जमीन खणून खोल करावी लागली. पुढील वर्षीं आर्चबिशप तेथें आले तेव्हां प्रवचनासाठीं उभे राहतांना त्यांना डोक्यावरील उंच किरीट काढून ठेवावा लागला, नाहीं तर तो छताला लागता.

या छपरींत रविवार कसा जाई तें पाहण्यासारखें आहे. सकाळीं लवकर दार उघडे. पापनिवेदनें, मिस्सा, आणि नंतर बायबलांतील किंवा चर्चच्या इतिहासांतील एखादी गोष्ट. मग दुपारपर्यंत वाचन व लेखन यांचा वर्ग. एक वाजतां खेळ सुरू होत: चेंडू, लांकडी उंच पाय लावून चालणें, लांकडी बंदुकांची कवाइत. दुपारीं धर्मशिक्षण व प्रार्थना, आणि पुन्हां अंधार पडेपर्यंत खेळ. डॉन बॉस्को खेळतांना बाजूला उभे राहून देखरेख करीत नसत. ते धांवण्यांत व उड्यांत पुढें असत, आणि त्याच गर्दींत एखाद्याच्या कानांत हळूच दोन शब्द सांगून जात. प्रवचनांतून न सांगतां येणारें तें अंगणांत सांगतां येतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

पण रविवार संपला म्हणजे मुलगा कोठें जातो? प्रथम त्यांनीं कांहीं मुलांना गवताच्या माळ्यावर झोपूं दिलें, तर सकाळीं मुलगे नाहींसे आणि चादरी व कांबळींही नाहींशीं! तरीही १८४७ च्या मे महिन्यांत एका पावसाच्या रात्रीं, व्हाल्सेझियाहून आलेला एक पंधरा वर्षांचा भिजलेला पोरका मुलगा दारांत उभा राहिला, तेव्हां त्याला आंत घेतलें गेलें. १८४६ च्या नोव्हेंबरांत डॉन बॉस्को यांनीं आपल्या मातोश्रींना गांवाहून आणलें होतें. त्या मातोश्रींनीं स्वयंपाकघरांत विटांवर फळ्या टाकून त्या मुलाचें अंथरूण केलें, आणि झोपण्यापूर्वीं प्रामाणिकपणा, काम व देवाची आठवण यांविषयीं त्याला चार शब्द सांगितले. रात्रीं झोपण्यापूर्वीं मुलांना प्रेमाचे चार शब्द सांगण्याची जी चाल त्या संस्थांत आजही आहे, तिचा आरंभ या रात्रीपासून मानला जातो. या माउलीचे दिवस सुखाचे गेले असें नाहीं. एकदां कवाइतीच्या भरांत पोरांनीं तिची भाजीपाल्याची बाग पार तुडवून टाकली, आणि वैतागून ती गांवीं परत जावयास निघाली. तेव्हां मुलानें एक शब्दही न बोलतां भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखविलें, आणि ती राहिली, असें चरित्रकार सांगतात. १८५६ सालीं ती वारली तोंवर शेंकडों मुलांची ती आई झाली होती.

हाताला काम नसेल तर उपदेश टिकत नाहीं, हेंही डॉन बॉस्को जाणून होते. ते मुलांना काम करतांना भेटावयास बांधकामांवर व दुकानांत जात. ८ फेब्रुवारी १८५२ रोजीं मुद्रांकाच्या कागदावर केलेला एक करार प्रसिद्ध आहे. त्यांत सुतारकाम शिकविणाऱ्या मालकानें उमेदवाराला चुकल्यास शब्दांनींच समजवावें, अन्य प्रकारें नव्हे. त्याच्या धंद्याबाहेरचें काम त्याला सांगूं नये. सणाचे दिवस मोकळे द्यावे. वर्षाला १५ दिवसांची रजा द्यावी व ठरलेली मजुरी द्यावी, असें लिहिलें आहे, आणि खालीं डॉन बॉस्को यांचीही सही आहे. ज्या काळीं उमेदवार म्हणजे मालकाचा घरगडी समजला जाई त्या काळचा हा कागद आहे. १८५० सालीं मुलांनीं एक परस्पर साहाय्य मंडळी स्थापिली. दर रविवारीं एक सोल्दो वर्गणी द्यावयाची आणि आजारपणांत दररोज ५० सेंटिम मदत घ्यावयाची. बाहेरच्या कारखान्यांतील संगत नको म्हणून १८५३ पासून चांभारकाम व शिवणकाम, मागाहून पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई व लोहारकाम असे कारखाने घरांतच निघाले. पीडमाँटांत दशमान मापें सुरू होणार म्हणून १८४९ सालीं त्या विषयावर सोपें पुस्तक लिहिणारे, आणि त्याच मापांवर संवाद रचून मुलांकडून रंगभूमीवर करविणारे हेच धर्मगुरू होत. मापांत फसला जाणारा मजूर हा त्यांच्या दृष्टीनें धर्माच्या कक्षेबाहेरचा विषय नव्हता.

दोन मुलांचीं उदाहरणें देऊन हा भाग संपवितों. दोमेनिको साव्हिओ हा १८५४ सालीं बारा वर्षांचा असतांना आला. संत होण्याच्या ध्यासानें तो थंडींत पांघरूण टाकूं लागला, अंथरुणांत खडे पसरूं लागला. डॉन बॉस्को यांनीं हे सर्व प्रकार बंद करविले. आनंदी राहा, आपलें रोजचें काम नीट कर, सोबत्यांना मदत कर, एवढीच तपश्चर्या त्याला नेमून दिली. तो १८५७ सालीं पंधरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच वारला, आणि १९५४ सालीं चर्चनें त्याला संतपद दिलें. दुसरा मिकेले मागोने हा कार्माञोला येथील उनाड टोळीचा म्होरक्या. तो १८५७ सालीं आला तो केवळ अंगणाच्या ओढीनें. डॉन बॉस्को यांनीं त्याला घाई केली नाहीं. महिन्याभरानें तोच आंतून उदास झाला, तेव्हां त्याच्या मनाचा गुंता सोडवून दिला. एकाचा देवभोळेपणा आवरावयाचा, दुसऱ्याच्या दांडगाईला वाट पाहून वळण द्यावयाचें. दोघांनाही एकच औषध दिलें नाहीं, यांतच त्या वैद्याचें कौशल्य होतें.

१८७७ सालीं त्यांनीं आपल्या पद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. अपराध होऊं द्यावा आणि मग शिक्षा करावी ही एक रीत. अपराधाची वेळच येऊं नये अशा तऱ्हेनें मुलाच्या सन्निध राहावें ही दुसरी. आपली दुसरी असून ती विवेक, धर्म आणि प्रेमळपणा या तीन खांबांवर उभी आहे, असें त्यांनीं सांगितलें. छडीवांचून विद्या नाहीं अशी ज्या देशांत परवांपर्यंत समजूत होती, आणि सोळाव्या वर्षीं मुलाला मित्र मानावें हें वचनही ज्या देशांत पाठ होतें, त्या आपल्या देशाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. आचरणांत आपण कोणत्या बाजूस असतों तें ज्यानें त्यानें पाहावें.

गुणदोष दोन्ही सांगणें हा इतिहासलेखकाचा धर्म आहे. डॉन बॉस्को आपल्या काळाचे कट्टर कॅथलिक होते. व्हाल्डेन्सियन प्रॉटेस्टंटांविरुद्ध त्यांनीं जें लिहिलें त्यांत आजच्या वाचकास रुचेल असा सूर नाहीं. १८४८ च्या धामधुमींत मुलांना राजकारणापासून दूर ठेवण्याच्या त्यांच्या आग्रहामुळें कांहीं सहकारी व मुलगे त्यांना सोडून गेले. सतत सन्निध राहणें आणि सतत पहारा ठेवणें यांतील सीमा पुसट आहे, आणि वसतिगृहांत ती कधीं कधीं ओलांडली जाण्याचा संभव असतो. मुलींसाठीं कार्य सुरू झालें तें १८७२ सालीं, मारिया मात्सारेल्लो यांच्या पुढाकारानें.

परंतु या पद्धतीचा सर्वांत मोठा टीकाकार स्वतः डॉन बॉस्कोच निघाले. १८५९ सालीं स्थापिलेला त्यांचा सालेसियन संघ वाढला, वाल्दोक्कोला मोठमोठ्या इमारती झाल्या. १८८४ च्या मे महिन्यांत त्यांनीं रोमहून एक पत्र लिहविलें. त्यांत एका स्वप्नाच्या रूपानें त्यांनीं जुनें अंगण आणि नवें अंगण शेजारीं शेजारीं दाखविलें. जुन्यांत गुरू व मुलगे एकत्र धांवत होते. नव्यांत मुलगे कंटाळून कोपऱ्यांत उभे होते आणि गुरुजन आपसांत बोलत दूर फिरत होते. गुरूंचें प्रेम आटलें होतें असें त्यांचें म्हणणें नव्हतें. मुलांवर प्रेम असून पुरत नाहीं, तें आपल्यावर आहे हें मुलांना कळलें पाहिजे, आणि त्यांना जें आवडतें त्यांत आपण उतरल्यावांचून तें कळत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. छपरी होती तेव्हां सर्वांना दाटीवाटीनें एकत्र बसावें लागे; इमारत झाली आणि अंतर पडलें!

३१ जानेवारी १८८८ रोजीं डॉन बॉस्को निवर्तले. १९३४ सालीं त्यांना संतपद मिळालें. त्यांचे अनुयायी १९०६ सालीं तंजावरास व १९२८ सालीं मुंबईस आले, आणि आज शंभरांहून अधिक देशांत त्यांचें काम आहे. १९८४ सालीं मान्य झालेल्या त्यांच्या नियमावलींत वाल्दोक्कोची ती छपरीच आजही कसोटी म्हणून सांगितली आहे: मुलाला आसरा देणारें घर, धर्म सांगणारा धर्मग्राम, आयुष्याची तयारी करून घेणारी शाळा आणि मित्र भेटावेत असें अंगण, या चारही गोष्टी जेथें एकत्र असतील तेथेंच तें कार्य खरें.

आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून मुलासाठीं आज यांपैकीं पुष्कळ गोष्टी विकत घेतल्या जातात. शाळा उत्तम, शिकवणी उत्तम, खेळाचे वर्गही उत्तम. आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसाच्या हवालीं केलेली. मुलगा मात्र एकच असतो, आणि या चारही ठिकाणीं तो सबंधच जातो. त्याला सबंध ओळखणारें एक तरी मोठें माणूस त्याच्याजवळ आहे कीं नाहीं, असा हा तुरिनचा इतिहास आपणांस विचारतो. त्याचें उत्तर शाळेच्या प्रगतिपुस्तकांत सांपडणार नाहीं. तें संध्याकाळीं आपण घरीं येऊन त्याच्याशेजारीं किती वेळ बसतों, त्यावर ठरेल.